तलाव किती खोल? – कुठे?

प्रति,
मा. मृद व जलसंधारण मंत्री,
महाराष्ट्र राज्य.

विषय : पूर्व विदर्भातल्या माजी मालगुजारी तलावांच्या दुरुस्तीबाबत.

मंत्रिमहोदय,


मी गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातली. घर धान पिकवणारं, नोकरी प्राथमिक शाळेतली. आता निवृत्त आहे. हे पत्र एका प्रश्नामुळे लिहीत आहे आणि तो प्रश्न माझ्या एका विद्यार्थ्याचा आहे.

चौथीचा वर्ग होता. लांबी, रुंदी, खोली शिकवत होते. वर्गाच्या खिडकीतून तलावाची पाळ दिसायची, म्हणून सहज विचारलं, “आपला तलाव किती खोल असेल रे?” मुलांनी अंदाज सांगायला सुरुवात केली. कुणी म्हणालं एक पुरुष, कुणी दोन पुरुष, कुणी हत्ती बुडेल एवढा. मागच्या रांगेत एक ढिवराचा, म्हणजे मासेमाराचा, मुलगा बसायचा. पाढ्यांत कच्चा, वर्गात क्वचित बोलणारा. तो उभा राहिला आणि त्यानं मलाच विचारलं, “कुठं, बाई?”

मला आधी कळलंच नाही. तेव्हा त्यानं समजावलं. पाळीजवळ किती ते वेगळं, कमळं आहेत तिथं किती ते वेगळं, आणि पलीकडे जंगलाच्या बाजूला म्हशी बसतात तिथं गुडघाभरच. “मग कुठं सांगू?”

त्या दिवशी मी त्याला शाबासकी देऊन खाली बसवलं आणि गणित पुढे नेलं. त्याचा प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला. पुढे गावोगावी तलावांच्या कामांचे फलक लागले. त्यावर गावाचं नाव, योजनेचं नाव, मंजूर रक्कम, काढायचा गाळ अमुक इतके घनमीटर, असं सगळं असे. ‘कुठे’ एवढंच नसे. आमचे तलाव त्या एका शब्दावाचून मरत आहेत असं माझं मत झालं आहे, आणि तेच आपल्यापुढे मांडायचं आहे.

आपल्या विभागाच्या कागदांवर या तलावांना ‘मामा तलाव’ म्हणतात. ‘माजी मालगुजारी’ या शब्दांची ही आद्याक्षरं. कार्यालयातला हा शब्द गावानं उचलला, कारण तो शोभतो. आईच्या माहेरचं, हक्काचं, ज्याच्याकडे मागायला संकोच वाटत नाही असं माणूस म्हणजे मामा. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पाच जिल्ह्यांत मिळून असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत. भंडाऱ्याची ओळखच तलावांचा जिल्हा अशी. 1 मे 1999 रोजी गोंदिया वेगळा जिल्हा झाला, तेव्हा बाकीच्या वाटणीबरोबर तलावांचीही वाटणी झाली. आमच्याकडे पाऊस वर्षाला सुमारे 1300 मिलिमीटर पडतो, पण तो चार महिन्यांत पडून वैनगंगेकडे निघून जातो. दिवाळीच्या तोंडावर धानाला शेवटचं पाणी लागतं, तेव्हा आभाळ कोरडं असतं. ते शेवटचं पाणी आम्हाला मामानं दिलं. पिढ्यान्‌पिढ्या दिलं.

हे तलाव बांधले गोंड राजांच्या काळात, आणि बांधणारे हात मुख्यतः कोहळी समाजाचे. जो जंगल साफ करून तलाव बांधील, त्याला त्या तलावानं भिजणारी जमीन द्यायची, असा चांद्याच्या गोंड राजांचा रिवाज होता, असं परंपरा सांगते. नवेगावबांधचा मोठा जलाशय अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. सभोवारच्या सात टेकड्यांना लोक सात बहिणी म्हणतात. याच बांधाच्या काठी वनाधिकारी म्हणून राहिलेल्या मारुती चितमपल्लींनी स्थानिक जाणकार माधवराव पाटील डोंगरवारांचं बोट धरून हे रान आणि हे पाणी महाराष्ट्राला वाचून दाखवलं. 2025च्या जूनमध्ये चितमपल्ली गेले. त्यांच्या पुस्तकांतून ज्यांनी नवेगावबांध पाहिला, त्यांना मी पुढे काय म्हणते आहे ते लगेच समजेल.

कोहळ्यांनी तलाव खणले नाहीत, त्यांनी पाणी अडवलं. त्यांनी दोन टेकड्यांमधला अरुंद गळा शोधला, तिथे मातीची पाळ घातली आणि मागची जमीन जशी उताराची होती तशीच राहू दिली. म्हणून आमचा तलाव पाळीजवळ खोल असतो आणि पलीकडे जात जात उथळ होत रानात मिसळून जातो. तलाव कुठे संपतो आणि जंगल कुठे सुरू होतं, हे पावसाळ्यात एक सांगता येतं आणि उन्हाळ्यात दुसरं. पाळीच्या पोटात दगडी तुडुम असतं, एकावर एक भोकांचं. पाणी उतरत जाईल तसं वरच्या भोकाचं बूच काढून मग खालच्या भोकाचं काढायचं. तिथून पाटानं पाणी धानाच्या बांध्यांत जातं. सांडव्यावरून वाहिलेलं पाणी खालच्या तलावात किंवा बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, जातं, तिथून आणखी खाली. टेकडीपासून नाल्यापर्यंत ही एक साखळी आहे. वरची कडी तुटली की खालच्या गावाला कळतं.

मालगुजारीचा, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांचा, काळ सोन्याचा होता असं मी म्हणत नाही. त्यात बेगार होती, आणि तलाव बांधताना ज्यांनी टोपल्या वाहिल्या त्यांचं नाव कुठल्याच तलावाला नाही. पण कुणाच्या बांधीला पाणी कधी आणि कुठून, हे तेव्हा ‘वाजिब-उल-अर्ज’मध्ये, म्हणजे गावाच्या हक्क-रिवाजांच्या नोंदवहीत, लिहिलेलं असे आणि तलावाची निगा राखण्याची जबाबदारी एका ठिकाणी असे. 1950च्या कायद्यानं मालगुजारी गेली, ते योग्यच झालं. तलाव सरकारजमा झाले. पुढे शंभर हेक्टरपर्यंत भिजवणारे तलाव जिल्हा परिषदेकडे आणि त्याहून मोठे राज्याकडे, अशी विभागणी झाली. पाणी एका विभागाचं, मासे दुसऱ्याचे, वरचं जंगल तिसऱ्याचं. तलाव एकच राहिला, त्याला पाहणारे डोळे मात्र वाटले गेले, आणि प्रत्येकाला फक्त आपला तुकडा दिसू लागला.

तो अखंड दिसत राहिला फक्त ढिवरांना. शेतकऱ्याला तलाव लागतो वर्षातून दोन-तीन पाण्यांपुरता. ढिवराला तो रोज लागतो. मासे, शिंगाडे, कमळाचे कंद, विकायला आणि खायला. म्हणून तलावाचा नकाशा ढिवराच्या डोक्यात असतो. माझा तो विद्यार्थी घरून हा नकाशा घेऊन शाळेत आला होता, आणि मी त्याला घनमीटर शिकवत होते.

तो नकाशा मी पुढे त्याच्याच आजीकडून समजून घेतला. पाळीजवळचं खोल पाणी हे उन्हाळ्यातलं माशांचं घर. त्याच्या पुढे कमळं आणि पाण्यावर पानं पसरणाऱ्या वेली. त्यांच्याखाली पाण्यात बुडून वाढणारी हायड्रिला, व्हॅलिसनेरिया, सेराटोफायलम यांसारखी शेवाळवजा झाडं. आजीच्या लेखी ही सगळी एका गोतातली आणि प्रत्येकीला स्वतःचं नाव. काठाकडे आलं की देवधान, म्हणजे जंगली धान, आणि कंद धरणारी पाणगवतं. त्याच्याही पुढे पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळाची जमीन, गुरांचं चराऊ रान, आणि मग झुडपी जंगल. प्रत्येक पट्ट्याचा एक धनी आहे. मरळ झाडोऱ्यात घरटं करते आणि पिलांची राखण करते. झाडोरा नसेल तर मरळ नाही. कमळपक्षी तरंगत्या पानांवर अंडी घालतो. पानं नाहीत तर कमळपक्षी नाही. सारस उथळ पाण्यात गवताचा ढीग रचून घरटं करतो आणि पाणगवतांचे कंद उकरून खातो. उथळ काठ नाही तर सारस नाही. पहिल्या पावसात वरच्या ओढ्यांतून पाणी तलावात उतरतं, तेव्हा मासे त्या पाण्याला उलटे चढतात आणि उथळ, गवताळ, कोमट जागेत अंडी सोडतात. हे चढणीचे मासे ज्या वाटेनं चढतात, ती वाट कुठल्याच अंदाजपत्रकात नाही.

या नकाशावर तीन संकटं आली. ती तिन्ही भल्याच हेतूनं आली, म्हणून ती अधिक समजून घेतली पाहिजेत.

पहिलं, बाहेरचे मासे. रोहू, कटला, मृगळ लवकर वाढतात, बाजारात विकले जातात. पण ते साचलेल्या पाण्यात वीण घालत नाहीत, त्यांना वाहतं पाणी लागतं. म्हणून दरवर्षी बीज विकत आणा, सोडा, काढा, पुन्हा आणा. त्यांच्यासोबत ग्रासकार्प आला, त्याचं खाणंच पाणवनस्पती. सायप्रिनस आला, तो तळाचा चिखल ढवळत चरतो. झाडोरा संपत गेला, तसे आपली पिलं आपणच वाढवणारे गावठी मासे संपत गेले. ज्या तलावात बीज फुकट होतं, तिथे बीज उधारीवर आलं.

दुसरं, बेशरम. दक्षिण अमेरिकेतून आलेलं हे झुडूप गुरं तोंडाला लावत नाहीत, तोडलं तर दुप्पट फुटतं. काठाचा उथळ पट्टा त्यानं गिळला. जिथे देवधान डुलायचं, तिथे आता पाण्यात उतरायलाही वाट नाही.

तिसरं संकट म्हणजे खोदाई. यावर थोडं थांबून लिहिते, कारण हे आपल्या हातातलं आहे.

आमच्या गावच्या तलावात काही वर्षांपूर्वी यंत्रं उतरली. कोणत्या योजनेतून, कोणाच्या ठेक्यानं, ते मी इथे लिहीत नाही. मला कुणा एकाला दोषी ठरवायचं नाही. ग्रामसभेच्या ठरावावर माझीही सही आहे. गाळ काढल्यानं पाणी वाढेल, गाळ शेतात पडला तर जमीन सुधारेल, हे मला पटलं होतं, आणि त्यातलं दुसरं खरंही ठरलं. ज्यांनी गाळ नेला त्यांचं धान त्या वर्षी चांगलं आलं. 2017मध्ये राज्यात सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेमागचा विचार चुकीचा आहे असं मी कधीच म्हणणार नाही.

पण यंत्र चालवणाऱ्याला कुणी ‘कुठे’ हे सांगितलं नव्हतं. ट्रॅक्टरला सोयीचं पडतं म्हणून त्यानं पाळ सोडून पलीकडच्या उथळ काठावरून खोदायला घेतलं. म्हणजे जिथे गाळ सर्वांत कमी आणि जीव सर्वांत जास्त, तिथे. गाळाचा वरचा थर गेला, आणि त्या थरात निजलेलं पाणवनस्पतींचं बी, कंद, मुळं, सगळं गेलं. गाळाखालची चिकणमातीही गेली, आणि ठिकठिकाणी मुरूम उघडा पडला. तलावाच्या तळाशी जी चिकणमाती पाणी अडवून धरते, ती निघाली की पाणी झिरपून जातं. त्या वर्षी तलाव भरला तेव्हा आम्ही पाळीवर नारळ फोडला. पुढच्या उन्हाळ्यात पाणी पूर्वीपेक्षा महिनाभर आधी आटलं. काठ उतरता राहिला नव्हता, भिंतीसारखा सरळ झाला होता. एक म्हैस त्यात घसरली आणि बाहेर निघू शकली नाही. आणि माझ्या त्या विद्यार्थ्याची आजी मला म्हणाली, “बाई, तलाव होता, त्याची टाकी केली.”

टाकीत पाणी असतं, पण ती काही पिकवत नाही. एवढा फरक त्या निरक्षर बाईला कळला होता आणि सही करताना मला कळला नव्हता.

मंत्रिमहोदय, मी तक्रार करून थांबले असते, तर हे पत्र लिहिलंच नसतं. पण याच तालुक्यात वेगळ्या रीतीनं काम झालेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मनीष राजनकर यांच्या पुढाकारानं ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ’ आणि पुढे ‘फाउंडेशन फॉर इकॉनॉमिक अँड इकॉलॉजिकल डेव्हलपमेंट’, म्हणजेच ‘फीड’, या संस्थांनी अनेक वर्षं या तलावांवर काम केलं आहे. त्यांनी सुरुवात यंत्रानं केली नाही, ऐकण्यानं केली. पतिराम तुमसरे यांच्यासारख्या जाणत्या ढिवरांसोबत बसून त्यांनी विचारलं, की तलावात कोणती झाडं होती, कोणता मासा कोणत्या झाडाजवळ राहायचा, कोणता पक्षी काय खायचा, आणि यातलं काय कधीपासून दिसेनासं झालं. जे ज्ञान जाळ्यासोबत बापाकडून मुलाकडे जात होतं, ते पहिल्यांदा कागदावर आलं.

मग काम सुरू झालं. उन्हाळ्यात तळ उघडा पडला की बेशरम मुळासकट उपटायचं. नुसतं कापलं तर ते पुन्हा येतं. तळाचा ठरलेला भाग नांगरून मोकळा करायचा. पाऊस पडला, पाणी थोडं चढलं, की ज्या तलावात झाडं अजून टिकून आहेत तिथून ती आणून रोवायची. आमच्या बायका धानाचे पऱ्हे रोवतात, तशाच गुडघाभर पाण्यात ओळीनं उभं राहून. बुडून वाढणारी कुठे, तरंगणारी कुठे, काठाची कुठे, हे ढिवरांनी सांगायचं. रोवलेल्या जागेत गुरं आणि जाळी जाऊ नयेत याची गावानं राखण करायची. झाडोरा खाणारे मासे त्या तलावात सोडायचे नाहीत. विणीच्या महिन्यांत मासेमारी बंद ठेवायची. दोन-तीन पावसाळ्यांत ती झाडं आपोआप पसरतात, त्यामागून गावठी मासे येतात, आणि माशांमागून पक्षी.

या कामात बायका पुढे आल्या, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. मासे विकायला डोक्यावर टोपली घेऊन दहा गावं फिरायची ती बाई, पण मच्छीमार संस्थेच्या सभेत तिला जागा नसायची. शालू कोल्हे यांच्यासारख्या ढिवर समाजातल्या बायकांनी गावोगावी गट बांधले, ग्रामसभेत तलावाचा विषय आणला, रोजगार हमीच्या यादीत तलावाची कामं घालायला लावली. मी शाळेत तीस वर्षं ‘पर्यावरण’ हा विषय शिकवला. पाणवनस्पती रोवणं हेही मजुरी देण्याजोगं काम आहे, हे एका ढिवर बाईनं भर ग्रामसभेत अधिकाऱ्यांना पटवून दिलं. ‘पर्यावरण’ हा विषय तेव्हा मला खऱ्या अर्थानं समजला.

या संस्थांकडे धरण बांधण्याएवढा पैसा नाही. त्यांच्या कामाचा खर्च बघितला, तर त्यात डिझेल कमी आणि मजुरी जास्त. पैसा गावातच राहतो. मासे आपलं बीज आपण घालतात, म्हणून बीजाचा दरसालचा खर्च कमी होतो. झाडोऱ्यामुळे पाणी निवळतं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, काम संपल्यावर निघून जाणारा ठेकेदार इथे नसतो. काम करणारेच तिथे राहणारे असतात. दहा-वीस-पन्नास तलावांवर जे संस्था करू शकते, ते हजारो तलावांवर फक्त शासन करू शकतं. म्हणून मी आपल्याला लिहिते आहे.

पाण्याचं हे सगळं झालं तरी अर्धंच काम झालं. तलाव भरतो तो वरच्या जंगलातून. आमच्या तलावांच्या डोक्यावर जी जमीन आहे, तिला महसुली कागदांवर ‘झुडपी जंगल’ म्हणतात. नाव असं, की ऐकणाऱ्याला ती पडीक वाटावी. म्हणूनच ती वर्षानुवर्षं रस्त्याला, इमारतींना, ज्याला हवी त्याला दिली गेली. 22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं पूर्व विदर्भातल्या या सुमारे 86 हजार हेक्टर जमिनीला वनाचा दर्जा असल्याचं स्पष्ट केलं. आमच्या दृष्टीनं तो निकाल तलावांचाही आहे. ते झुडूप पावसाचं पाणी हळू सोडतं, माती धरून ठेवतं. ते तुटलं की दोन पावसाळ्यांत माती तलावात येते, मग आपण गाळ काढायला निधी मंजूर करतो, आणि तीन वर्षांनी पुन्हा मंजूर करतो. वरचं झुडूप राखणं हे गाळ काढण्याचं सर्वांत स्वस्त काम आहे.

कायदा आमच्या बाजूला आहे, फक्त तो तलावापर्यंत पोचलेला नाही. 2006च्या वनहक्क कायद्यात गावाच्या सामूहिक हक्कांमध्ये पाणवठ्यांतले मासे आणि इतर उत्पादनं यांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि त्याच कायद्याचं पाचवं कलम पाणलोट आणि पाण्याचे स्रोत राखण्याचं कर्तव्य ग्रामसभेवर सोपवतं. मात्र 2017च्या पाणथळ जागांच्या नियमांत सिंचनासाठी खास बांधलेल्या रचना वगळल्या आहेत. कोहळ्यांनी तलाव सिंचनासाठी बांधले, हे खरं. पण तीनशे वर्षांत त्यांत कमळ रुजलं, मरळ वसली, सारस उतरला. आज ज्या मोजक्या भागांत महाराष्ट्रात सारस उरला आहे, त्यात गोंदिया-भंडारा हा मुख्य. तो वाचवण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला 2021मध्ये स्वतःहून दखल घ्यावी लागली. ज्या पाणथळीत सारस घरटं करतो, तिला माणसानं बांधलेली म्हणून पाणथळ न मानणं हे आमच्या गावातल्या कुणालाच पटणार नाही.

तेव्हा, मंत्रिमहोदय, माझं मागणं असं आहे.

तलावाचं कोणतंही काम मंजूर होण्याआधी त्याचा पट्टेवार नकाशा व्हावा, म्हणजे खोल कुठे, झाडोरा कुठे, उथळ काठ कुठे, चढणीची वाट कुठे. तो नकाशा अभियंत्यानं ढिवर आणि शेतकरी यांना सोबत घेऊन पाळीवर उभं राहून करावा, आणि त्यावर तिघांच्या सह्या असाव्यात.

गाळ पाळीजवळच्या खोल भागातून निघावा. तळाच्या चिकणमातीला आणि उथळ काठाला हात लागू नये. काठाचा उतार कायम राहील, ही अट ठेक्यात लिहावी, आणि ती मोडली तर देयक अडावं.

दुरुस्तीच्या प्रत्येक अंदाजपत्रकात बेशरमाचं निर्मूलन आणि पाणवनस्पतींची रोवणी हे मंजूर काम म्हणून यावं, आणि ते मजुरीनं, गावातल्या माणसांकडून, आधी ढिवर बायकांच्या गटांकडून व्हावं. निदान तीन पावसाळे त्याची देखभाल मंजूर असावी. रोवलेलं धान आपण आठव्या दिवशी मोजत नाही.

तलाव आणि वरचं झुडपी जंगल यांचं काम एकाच आराखड्यात यावं. साखळीतल्या वरच्या बोडीपासून सुरुवात व्हावी. खालचा मोठा तलाव रस्त्यावरून दिसतो म्हणून तिथून सुरू होऊ नये.

मत्स्यव्यवसाय, वन आणि महसूल हे आपले विभाग नाहीत, हे मला माहीत आहे. पण ज्या तलावाची आपण दुरुस्ती कराल, त्यात पुढची काही वर्षं झाडोरा खाणारे मासे सोडले जाणार नाहीत आणि मासेमारीचा हक्क स्थानिक संस्थेकडे दीर्घ मुदतीनं राहील, एवढं त्या विभागांकडून लिहून घेणं आपल्याला शक्य आहे. वर्षभरापुरता ठेका घेतलेल्या माणसाला कमळ रोवण्याची गरज वाटत नाही.

आणि शेवटचं. ज्या संस्थांनी हे ज्ञान वर्षानुवर्षं गोळा केलं, त्यांना केवळ जनजागृतीच्या कार्यक्रमाला बोलावू नये. अभियंत्यांच्या प्रशिक्षणात त्यांना शिकवायला बोलवावं. त्यांच्यासोबत ढिवरांनाही बोलवावं, आणि शिकवणाऱ्याला जे मानधन मिळतं तेच त्यांनाही द्यावं.

यातल्या एकाही गोष्टीला नवं तंत्र लागत नाही, आणि फार मोठा निधीही लागत नाही. आज जो निधी खर्च होतोच आहे, तो कुठे खर्च व्हावा एवढाच प्रश्न आहे.

माझा तो विद्यार्थी आता तिशीपलीकडे गेला आहे. दिवाळीनंतर तो दूरच्या शहरात बांधकामावर जातो, कारण तलावात आता वर्षभर पुरेल एवढं काही नाही. मागच्या उन्हाळ्यात भेटला. मी त्याला वर्गातली ती गोष्ट सांगितली, तर त्याला ती आठवत नव्हती. पाळीवर उभा राहून मात्र तो मला दाखवत होता, कमळ इथवर होतं, देवधान तिथवर, मासे त्या पळसाखालून चढायचे. तिथे आता सरळ कापलेला काठ होता आणि तळाशी भेगा पडलेला मुरूम. तरी त्याचं बोट एकदाही चुकलं नाही. ते सगळं त्याच्याजवळ अजून जसंच्या तसं आहे. त्याच्या मुलाजवळ मात्र ते नसेल, कारण मुलानं तो तलाव पाहिलेलाच नाही. आपल्या हाती वेळ आहे तो एवढाच, या एका पिढीचा.

आपल्या विभागाच्या अंदाजपत्रकात ‘खोली’ असा एक रकाना असतो. त्याच्या शेजारी ‘कुठे’ असा आणखी एक रकाना वाढवावा, ही या पत्रातली मुख्य विनंती समजावी. तो रकाना भरायला बाहेरून कुणी तज्ज्ञ आणावा लागणार नाही. गावच्या सभेत मागच्या रांगेत तो बसलेला असतो. त्याला उभं करून विचारावं आणि तो सांगेल ते लिहून घ्यावं.

आपली विश्वासू,
अर्जुनी मोरगाव तालुक्यातली एक निवृत्त शिक्षिका